संत्र्याच्या मुलखात पोटॅशियम

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला रोगांचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅडमची एक खोड होती. शरीरात आधी कुठे बिघडतं आणि मग त्यातून पुढे काय काय होत जातं, हे त्या फळ्यावर बाण काढून शिकवायच्या. एका चौकटीतून बाण निघायचा, दुसरीत शिरायचा, तिथून त्याला दोन फाटे फुटायचे. फळा भरला की हात झटकून म्हणायच्या, "आता घरी जा, अन् एकही इंग्रजी शब्द न वापरता हेच आपल्या आईले सांगा. तिले समजलं त तुमाले समजलं. नाही त तुमी फक्त रट्टा मारला." वर्गातल्या मुली हसून सोडून द्यायच्या. मी मात्र खरंच सांगायचे, कारण मला आयता श्रोता मिळालेला होता.

मी पांढुर्ण्याला एका मैत्रिणीबरोबर खोली करून राहायचे. पांढुर्णा नुकतंच जिल्हा झालं होतं, आणि जुन्याच इमारतींवर नवे फलक लागत होते. शनिवारी दुपारची बस धरून सौंसरला यायचं आणि तिथून दुसरी गाडी बघून रामाकोन्याच्या अलीकडे आमच्या गावी. संध्याकाळी आई सुपात तूर निवडायला बसली की मी समोर बसून तिला आठवड्याचा रोग सांगायचे. आई सातवीपर्यंत शिकलेली. ती मान वर न करता ऐकायची आणि प्रत्येक रोगाला गावातला एक माणूस चिकटवायची. रक्तक्षय सांगितला, तर म्हणाली, "हाव, तेलघाण्यावाल्याची सून." हृदय कमजोर पडून पायांवर सूज कशी येते ते सांगताना मी बोअरच्या मोटरीचा दाखला दिला. तिनं विचारलं, "मंग मोटर बदलून नाही टाकत काय हे लोकं?" मी चिडले की ती हसायची. मला ते शनिवार फार आवडायचे, हे सांगून टाकते. तेव्हा सुखी होते मी.

दिवाळी आटोपल्यावर एका रविवारी सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. "झोप झाली नाही," ती म्हणाली. तिच्या घोट्याच्या वरती मी अंगठ्यानं दाबलं आणि अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला. अंगात पाणी साठलंय का हे असं दाबून बघायला मॅडमनी आम्हाला त्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि वर्गात एकमेकींच्या पायांवर दाबताना कुणाच्याच पायावर खळगा पडला नव्हता, म्हणून आम्ही हिरमुसलो होतो. आईच्या पायावर तो स्वच्छ पडला. मी पुन्हा दुसऱ्या पायावर दाबलं. आई म्हणाली, "काय खेळून राहिली वो माया पायाशी?"

सौंसरला रक्त तपासलं, मग नागपूरला सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्या आक्रसून लहान झालेल्या. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी घेत होत्या का. नव्हती घेत. गुडघ्यांसाठी काही? घेत होती ना. संत्र्याच्या तोडाईत आणि कापसाच्या वेचणीत गुडघे बोलायला लागले की मेडिकलवरून एक पांढरी गोळी आणायची आणि चहाबरोबर घ्यायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. आमच्याकडे सगळ्याच बाया घेतात ती गोळी. डॉक्टर वडिलांना बाजूला घेऊन बोलले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही आता कायमचं. किडनी बदलायची म्हटलं, तर तिच्या हृदयाची अवस्था तपासून त्यांनी तो विषयच बंद केला. घरी परतताना वडील आणि माझा मामा, जो सौंसरला मास्तर आहे, दोघांनी ठरवून टाकलं: "तिले सांगाचं नाही. सांगाचं का काही दिवस मशीन लागन, मंग किडनी जागी होईन."

किडनी जागी होणार नव्हती. हे त्या दोघांनी डॉक्टरांकडून ऐकलं होतं, मला मात्र त्याच आठवड्यात फळ्यावर बघावं लागलं. आमच्या अभ्यासक्रमात किडनीचं प्रकरण नेमकं तेव्हाच आलं होतं. मॅडमनी सांगितलं, किडनीत बारीक बारीक गाळण्या असतात, लाखोंनी. काही मेल्या की उरलेल्या त्यांचं काम वाटून घेतात, जास्त राबतात, आणि राबून राबून त्याही मरतात. म्हणून बहुतेक गाळण्या संपेपर्यंत माणसाला काहीच कळत नाही. "किडनी कधी तक्रार करत नाही," मॅडम म्हणाल्या, जणू हा तिचा फार मोठा सद्गुणच. मला भयंकर राग आला. तक्रार करायला काय झालं होतं? मग त्यांनी शेवटची चौकट काढली आणि खडू खाली ठेवला. त्या चौकटीतून एकही बाण बाहेर निघत नव्हता. मी सगळी आकृती उतरवून घेतली आणि त्या शनिवारी आईला थायरॉइड शिकवला.

आता संत्र्याचं सांगते. बिघडलेल्या किडनीला रक्तातलं पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. ते साठत जातं, आणि एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय थांबू शकतं. डायलिसिसवर असलेल्या माणसाला त्यामुळे केळं, टोमॅटो, बटाटा, शहाळं, सुका मेवा आणि संत्रं वर्ज्य. नागपूरच्या आहारवाल्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा वडिलांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही. घराच्या मागे आमचाच संत्र्याचा बगीचा. शेजारी बगीचा, त्याच्या शेजारी बगीचा, बहार असला की रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग आणि ट्रक. अशा मुलखात संत्रं वर्ज्य म्हणजे माणसानं राहायचं तरी कुठे?

आणि आमच्याकडची रीत अशी की आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. पिशवीत संत्रीच असतात, आणि तीही व्यापाऱ्याला द्यायची नव्हे, झाडावर हिंडून घरच्यासाठी निवडलेली. पिशवी ठेवून निघून जायचं, असंही नसतं. आलेली बाई खाटेजवळ बसते, स्वतःच्या हातानं संत्रं सोलते, फोडीवरच्या शिरा काढते, बी काढते आणि फोड आजाऱ्याच्या तोंडासमोर धरते. ती खाल्ली की समाधान. नाही खाल्ली तर तिच्या हातालाच नकार दिला, असं होतं. माझ्या आईनं जन्मात कुणाच्या हाताला नकार दिलेला नव्हता.

मी शनिवारी यायचे तेव्हा खाटेखाली सालींचा ढीग सापडायचा. "कोण आलं होतं?" "शेजारची काकू आली होती. दोनच फोडी खाल्ल्या." शुक्रवारी कुणी दुसरी, गुरुवारी तिसरी, सगळ्यांच्या दोनच फोडी. मी आईवर ओरडायचे, मग काकूंच्या घरी जाऊन त्यांना समजावायचे. पोटॅशियम म्हटलं की त्यांचा चेहरा कोरा. मी म्हटलं, "काकू, संत्र्यात एक क्षार असते. तिच्या किडनीले ते बाहेर काढता येत नाही. रक्तात वाढलं का हृदय बंद पडते." काकू माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिल्या. "संत्र्यानं कोनी मरते काय, बाई? आपला संत्रा दिल्लीपर्यंत जाते. तिथचे डाक्टर आपल्या पेशंटले तोच चारतात." काकूंचं चुकत कुठे होतं? आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं की आजारी माणूस संत्र्यानं उभा राहतो.

मग मी हुशारी केली. सगळ्यांना सांगितलं, संत्रा आणू नका, दुसरं काही आणा. पुढच्या शनिवारी खाटेखाली शहाळी होती. ज्यात संत्र्याहून जास्त पोटॅशियम असतं, ते शहाळं लोक पांढुर्ण्याहून मुद्दाम आणत होते. मामानं तर कमालच केली. मास्तर माणूस, मोबाईलवर वाचलं असेल की किडनीला मीठ वाईट, म्हणून सौंसरच्या मोठ्या दुकानातून कमी सोडियमचं महागडं मीठ आणून दिलं. त्या मिठातून सोडियम काढून त्याजागी पोटॅशियम घातलेलं असतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात मागे लिहिलं होतं. वडील तेच मीठ आईच्या भाजीत मोठ्या काळजीनं घालत होते. मी ते पाकीट चुलीत फेकलं. मामा दुखावला. "मी का तिले जहर आणीन?" तो म्हणाला. तोच तर घोटाळा होता. कुणीही जहर आणत नव्हतं. सगळे माया आणत होते, आणि मला दारात उभं राहून ती अडवावी लागत होती.

मकरसंक्रांतीच्या आसपास वडिलांचा फोन आला. आईला खाटेवरून उठवत नाही, पायात जीवच नाही म्हणते. मी वर्गातून उठले. मी सौंसरला पोचेपर्यंत वडील तिला जीपमध्ये घालून तिथे घेऊन आले होते, आणि आम्ही तसेच नागपूरला गेलो. नाडी मंद आणि अडखळती लागत होती. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली तेव्हा मी कागदावर पोटॅशियम वाढल्याचं ते शिखर पाहिलं, वर टोकदार, तंबूसारखं. तसंच शिखर मी परीक्षेसाठी पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा काढलं होतं, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, आणखी टोकदार काढ. आईच्या हृदयानं ते अगदी बरोबर काढलं होतं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, मशीनवर घेतलं, आणि ती वाचली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "भल्ली भूक लागली."

त्यानंतर मी कुणाचंही ऐकलं नाही. कॉलेजातून सुटी काढून घरी बसले. दारातच पिशवी घ्यायची आणि तिथूनच परत द्यायची. कुणाचा मान, कुणाचा अपमान बघितला नाही. भाज्या चिरून गरम पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळून पुन्हा ओतायचं. त्यात चव म्हणून काही उरत नाही. वडील तिला एकदा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला घेऊन गेले, तेव्हाही मी मागे लागले की तीर्थ ओठाला लावण्यापुरतंच घे, पाण्याचंही माप आहे. आई मुकाट्यानं सगळं पाळत होती. रक्ताचे आकडे सुधारले. नागपूरच्या डॉक्टरांनी माझं कौतुक केलं.

आणि गावातलं कुणी येईनासं झालं. आधी वाटलं, कामाचे दिवस आहेत. मग लक्षात आलं की लोक आमच्या दारावरून जाताना पावलं उचलून जातात. रिकाम्या हातानं येता येत नाही, आणि भरलेला हात ही पोरगी परत पाठवते, मग यायचं कसं? काकूंचं घर भिंतीला भिंत लागून, त्याही कुंपणापाशी उभ्या राहून "कशी हाय?" विचारायच्या आणि वळायच्या. आई खाटेवर बसून दाराकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "मी मरून गेली असं समजले काय लोकं?" मी म्हटलं, "त्यांनी संत्रा आणला असता त खरंच मेली असती." ती पुन्हा दाराकडे बघायला लागली. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण दुसरं काय करायला हवं होतं, हेही मला आजतागायत सुचलेलं नाही, आणि याचा मला राग येतो.

उन्हाळा लागला तशी ती खंगत गेली. अंगाला खाज सुटायची, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव म्हणायची. डायलिसिसहून आली की पुढचे दोन दिवस पडून जायचे, आणि जरा उठून बसली की पुन्हा निघायचं असायचं. एका दुपारी वडील शेतात होते, तिनं मला जवळ बोलावलं. "तू मले सगळे रोग शिकवले. हृदय शिकवलं, फुप्फुस शिकवलं, ते गळ्याचं शिकवलं. किडनी काहून नाही शिकवली?"

मी म्हटलं, "तो भाग आमाले नाही."

"मले खोटं नको सांगू. मशीनच्या खोलीत माया बाजूले जे बाई असते, ते म्हणे का तिले पाच वर्षं झाले. जागी होनारी किडनी पाच वर्षं झोपते काय?"

तेव्हा मी तिला शिकवलं. इंग्रजी शब्द न वापरता, सगळ्या गाळण्यांसकट. काही मरतात, उरलेल्या जास्त राबतात, राबून त्याही मरतात. आईनं माझ्याकडे बघत ऐकलं. रोगाला माणूस चिकटवायची तिला या वेळी गरज पडली नाही. मी शेवटपर्यंत गेले, आणि शेवटी मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नको. पुढचं सांग. मशीन बंद केली त काय होते?" मी म्हटलं, पाणी साठते, ते क्षार साठते, घाण डोक्यात चढते, झोप येते. थोडे दिवस. "दुखते काय?" "फारसं नाही. झोपच जास्त येते." तिनं अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मंग मी आता नागपूरले नाही येत."

मी भांडले. वडील आल्यावर तेही भांडले, मामानं सौंसरहून येऊन हात जोडले. आई कुणाशी वाद घालत नव्हती. फक्त गाडी आली की उठत नव्हती. नागपूरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, शुद्धीत आहे, समजून बोलते आहे, जबरदस्ती करता येणार नाही. त्रास झाला तर द्यायला म्हणून त्यांनी औषधं लिहून दिली. वडिलांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तू तिले हे सांगतलंच कायले?" ते त्यानंतर माझ्याशी पुष्कळ दिवस बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना ती असायला हवी होती, कशाही अवस्थेत.

मग मी दार उघडलं. काकूंना कुंपणावरून हाक मारून म्हटलं, या, आता खाण्यापिण्याचं काही परहेज नाही. त्या अर्थ समजल्या असाव्यात, कारण पदर तोंडाला लावून त्या आधी घरात गेल्या आणि मग आल्या. त्यांच्या मागून बाकीच्याही आल्या. हंगाम सरत आला होता, तरी कुणी ना कुणी शोधून संत्री आणायच्याच. सोलायच्या, शिरा काढायच्या, बी काढायच्या, आणि आई तोंड उघडायची. त्या आठवड्यात मी तिला मीठ-तिखटाची वांग्याची भाजी केली. ती दोनदा मागून जेवली. मी समोर बसून तिच्या प्रत्येक घासाचा पुढचा प्रवास बघत होते, रक्तात, हृदयात, कोणत्या चौकटीतून कोणत्या चौकटीत. एवढं सगळं मला शिकवलेलं होतं आणि त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी विचारलं, "अजून वाढू काय?"

पाय पुन्हा सुजले, मग चेहरा. ती झोपेत जास्त आणि जागी कमी असायला लागली. घाण डोक्यात चढते असं मी तिला सांगितलं होतं, पण ते दिसतं कसं, ते मी फक्त वाचलेलं होतं. एका सकाळी मी तिचं अंग पुसत होते. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि अनोळखी माणसासमोर सावरतात तसा छातीवरचा पदर नीट केला.

"तुमी कोन्या गावच्या, बाई?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "इकडचीच हाय. रामाकोन्याच्या जवळची."

"मंग त आमच्याच भागातल्या तुमी." तिला बरं वाटलं. "लय तरास देतो मी तुमाले."

"नाही वो. कायचा तरास."

"मायी पोरगी बी नर्सच होऊन राहिली. पांढुर्ण्याले राहते. स्वभावानं कडक हाय, पन तिले सगळं समजते." ती थांबली, दम घेतला. "ते शनवारी येते. ते आली का तिले सांगजा, मी बरी होऊन राहिली. नाही त अभ्यास सोडून बसन माया उशाशी."

मी फडकं पिळलं. "सांगतो, काकू," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. पाठ पुसायची राहिली होती, ती मी पुसून घेतली.